गोळी फुटते, पण औषध विरघळत नाही: डिझोल्यूशन सुधारायचं कसं

डिझोल्यूशनच्या, म्हणजे गोळीतलं औषध किती वेगाने विरघळतं ते मोजण्याच्या, भांड्यात गोळी दोन मिनिटांत फुटून तळाशी बसते, आणि तरी तिसाव्या मिनिटाच्या सॅम्पलमध्ये औषध निम्मंही आलेलं नसतं. अशा वेळी हात पहिल्यांदा जातो सुपरडिसइंटिग्रंटच्या, म्हणजे गोळी झटकन फोडणाऱ्या घटकाच्या, डब्याकडे. तिथे जमलं नाही की सॉलिड डिस्पर्शन, म्हणजे औषध पॉलिमरसारख्या वाहकात विखरून टाकणं. दोन्ही बहुधा घाईचे निर्णय ठरतात. फुटलेली गोळी आणखी लवकर फोडून काही मिळत नाही, आणि सॉलिड डिस्पर्शन हा महागडा, नाजूक उपाय आहे. तो शेवटी काढायचा.

१८९७ मध्ये नॉयस आणि व्हिटनी यांनी मांडलेलं सूत्र आजही पुरतं. विरघळण्याचा वेग हा कणांच्या भिजलेल्या पृष्ठभागावर आणि कणाला चिकटून असलेल्या पातळ थरातल्या विद्राव्यतेवर चालतो. म्हणजे हातात मुख्यतः दोनच किल्ल्या: पृष्ठभाग वाढवा, नाहीतर त्या थरातली विद्राव्यता वाढवा. कोणती फिरवायची हे औषध सांगतं, फक्त त्याला आधी विचारावं लागतं.

आधी दोष शोधा

एका बीकरमध्ये ३७ अंशांचं पाणी घ्या आणि चिमूटभर औषध वरून भुरभुरा. पावडर पाण्यावर पसरून तशीच तरंगत राहिली तर ती भिजतच नाही. बेसनात पाणी एकदम ओतलं की वरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, तसंच इथे घडतं. आता दुसऱ्या बीकरमध्ये पाण्यात ०.०२ टक्के ट्वीन ८० (पावडर भिजवणारं साबणासारखं द्रव्य) घालून तेच करा. पावडर लगेच खाली बसू लागली तर दुखणं भिजण्याचं आहे आणि इलाज स्वस्त आहे.

मग गोळी आणि तिची पूड यांची तुलना करा. सहा गोळ्या खलात हलक्या हाताने फोडून प्रत्येकीची पूड वेगवेगळ्या भांड्यात टाका, सोबत सहा अख्ख्या गोळ्या लावा. पूड झरझर विरघळली आणि गोळी रखडली तर औषध निर्दोष आहे. दोष दाबाचा, बाइंडरचा (कण बांधणाऱ्या घटकाचा) किंवा मॅग्नेशियम स्टिअरेटचा (पंचला चिकटू न देणाऱ्या वंगणाचा). दोन्ही रखडले तर औषधाकडे वळा.

तिसरी चाचणी विद्राव्यतेची. पीएच १.२, ४.५, ६.८ आणि ७.५ अशा चार बफरमध्ये जादा औषध टाकून ३७ अंशांवर हलवत ठेवा, २४ आणि ४८ तासांनी मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच समतोल आला असं धरायचं. शेवटी बफरचा पीएच पुन्हा मोजायला विसरू नका, कारण औषध स्वतःच तो सरकवतं आणि मग ६.८ म्हणून लिहिलेला आकडा प्रत्यक्षात ६.१ चा असतो. गाळताना फिल्टर तपासा: पहिले ५ मि.ली. फेकून द्या, आणि त्याच द्रावणाचा गाळलेला व सेंट्रिफ्यूज केलेला असे दोन नमुने शेजारी मोजा. तेलकट स्वभावाची औषधं नायलॉनला चिकटतात. विद्राव्यता कमी दिसते, पण औषध फिल्टरवर बसलेलं असतं.

आलेला आकडा डोसशी ताडून बघायचा. बीसीएस या, विद्राव्यता आणि शोषण यांवरून औषधं लावणाऱ्या, वर्गीकरणाची कसोटी अशी की सगळ्यात मोठा डोस २५० मि.ली. किंवा त्याहून कमी पाण्यात, पोटापासून आतड्यापर्यंतच्या पीएचमध्ये, पूर्ण विरघळायला हवा. ८० मि.ग्रॅ. डोस असेल तर दर मि.ली.ला ०.३२ मि.ग्रॅ. विद्राव्यता लागते.

शेवटची युक्ती फुकटची आहे. नेहमीची चाचणी संपली की पॅडलचा वेग २५० आरपीएम करून आणखी १५ मिनिटं चालवा आणि एक सॅम्पल काढा. आकडा शंभरच्या जवळ गेला तर औषध विरघळू शकतं, फक्त वेग कमी आहे किंवा पॅडलखाली ढीग साचला आहे. आकडा ७० वरच अडला तर अडचण विद्राव्यतेची, पुन्हा साका बसण्याची, किंवा सरळ अॅसेची, म्हणजे गोळीत औषधच कमी असण्याची.

पीएचने सुटणारं औषध: टेल्मिसार्टन

रक्तदाबावरचं हे औषध या विषयातलं उत्तम पाठ्यपुस्तक आहे. रेणूत एक कार्बॉक्सिलिक आम्ल गट आणि बेंझिमिडाझोलचे अल्कधर्मी नायट्रोजन, त्यामुळे ते तीव्र आम्लात थोडं आणि तीव्र अल्कलीत चांगलं विरघळतं. पीएच ३ ते ९ या मधल्या पट्ट्यात जवळजवळ अविद्राव्य. आतडं नेमकं याच पट्ट्यात येतं. वितळणबिंदू २६० अंशांच्या वर, म्हणजे स्फटिक घट्ट विणलेला. इंग्रजीत अशा औषधांना विटेची भुकटी म्हणतात, आणि ती उपमा चपखल आहे: कितीही दळा, वीट ती वीटच. मायक्रोनायझेशनने, म्हणजे काही मायक्रॉनपर्यंत बारीक दळून, इथे फार काही हाती लागत नाही.

मूळ औषधाच्या ४० मि.ग्रॅ. गोळीचं सूत्र साधं आहे: टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., सोडियम हायड्रॉक्साइड ३.३६, मेग्लुमिन (सौम्य सेंद्रिय अल्कली) १२, पॉव्हिडोन (बांधणारं पॉलिमर) १२, सॉर्बिटॉल १६८.६४ आणि मॅग्नेशियम स्टिअरेट ४. एकूण २४० मि.ग्रॅ. यात डिसइंटिग्रंट नाही हे आधी टिपून ठेवा. मोलचा हिशेब केला की हेतू कळतो. ४० मि.ग्रॅ. टेल्मिसार्टन म्हणजे ०.०७८ मिलिमोल, आणि ३.३६ मि.ग्रॅ. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) म्हणजे ०.०८४. आम्ल गट पूर्ण उदासीन होऊन वर जेमतेम शिल्लक राहते. मेग्लुमिन ०.०६१ मिलिमोल, ते पाठीराखा म्हणून: पाणी आत शिरलं की कणाभोवतीचा पीएच वर धरून ठेवतं.

१००० गोळ्यांची प्रयोगशाळेतली बॅच २४० ग्रॅमची होते. सुमारे २०० मि.ली. शुद्ध पाण्यात ३.३६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवा, हातमोजे आणि गॉगल घालूनच. मग मेग्लुमिन १२ ग्रॅम. द्रावण गार होऊ द्या आणि ढवळणं चालू ठेवून ४० ग्रॅम टेल्मिसार्टन थोडं थोडं, दहा-पंधरा मिनिटांत सोडा. आधी दुधासारखं पांढरं दिसतं, मग कडेने पारदर्शक होत जातं. सगळं एकदम ओतलं तर गोळे होतात आणि त्यांच्यावर जेलसारखी साल धरते, तासभर ढवळूनही ते आतून कोरडे राहतात. द्रावण पूर्ण स्वच्छ झाल्यावरच पॉव्हिडोन के-२५ किंवा के-३० घाला. आधी घातलं तर द्रावण दाटतं आणि न विरघळलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत.

द्रावण गढूळच राहिलं तर पहिला संशय कॉस्टिकच्या बाटलीवर घ्या. त्याच्या दाण्यांना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवे असतात. पावसाळ्यात बाटली दोन-चार वेळा उघडी राहिली की दाण्यांवर कार्बोनेटचा पांढरा थर चढतो. वजन ३.३६ भरतं, पण कामाची अल्कली कमी असते आणि सूत्रात मुळात जादा फक्त ८ टक्के आहे. नवी बाटली घ्या, झटपट तोला, शक्य असेल तर टायट्रेशन करून शुद्धता काढा आणि वजन तसं दुरुस्त करा. पाणी कमी पडल्यानेही गढूळपणा येतो, तेव्हा आणखी ५० मि.ली. घालून पाहायला हरकत नाही. जादा पाणी पुढे उडूनच जाणार आहे.

हे द्रावण स्प्रे ड्रायरमधून वाळवा. आत जाणारी हवा १२० ते १४० अंश आणि बाहेर पडणारी ७५ ते ९० अंश ही सुरुवात धरा आणि आपल्या यंत्राप्रमाणे जुळवा. बाहेरची हवा थंड पडली की पावडर ओलसर राहून सायक्लोनला (पावडर गोळा करणाऱ्या भागाला) चिकटते, आणि उत्पन्न घटलं की दोष तिथेच असतो. मिळालेली पावडर हलकी आणि पाणी ओढणारी असते, लगेच बंद डब्यात घाला. स्प्रे ड्रायर नसेल तर फ्लुइड बेडमध्ये (गरम हवेवर पावडर तरंगवणाऱ्या यंत्रात) हेच द्रावण मॅनिटॉलवर फवारता येतं. तिथे सॉर्बिटॉलचा हट्ट नको, ते ओलाव्याने चिकट होऊन बेड बसवतं.

लॅक्टोज मात्र कुठेही नको. मेग्लुमिन हे अमीन, लॅक्टोज ही रिड्यूसिंग शर्करा, आणि सोबत अल्कली. पाव भाजताना जी तपकिरी प्रतिक्रिया होते तीच इथे होते, आणि महिन्याभरात पांढऱ्या गोळीवर पिवळट छटा येते. स्वस्त पडतं म्हणून लॅक्टोज घालणाऱ्याला ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची स्थिरता चाचणी चांगलीच अद्दल घडवते.

पुढचं काम हातखंड्याचं. ६७ ग्रॅम पावडर (प्रत्यक्ष किती मिळाली त्यावर बाकीचं प्रमाण लावा) थेट दाबण्याच्या सॉर्बिटॉलबरोबर १० ते १५ मिनिटं मिसळा. मॅग्नेशियम स्टिअरेट ६० नंबरच्या चाळणीतून चाळून घाला आणि फक्त ३ मिनिटं फिरवा. हे मेणचट चूर्ण जास्त मिसळलं की प्रत्येक कणावर पातळ तेलकट पडदा चढतो, गोळी मऊ पडते आणि पाणी आत जाईनासं होतं. वजन २४० मि.ग्रॅ. ठेवून दाबा. खोलीची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर पंचला चिकटून अक्षरांच्या खाचा भरून येतात.

गोळी पाण्यात टाकल्यावर बरेच जण घाबरतात, कारण ती फुटत नाही. साखरेच्या खड्यासारखी बाहेरून झिजत जाते. ते बरोबर आहे. सॉर्बिटॉल, औषध आणि अल्कली एकत्र झिजतात, म्हणून औषध विरघळेपर्यंत त्याच्याभोवतीचा थर अल्कधर्मी राहतो. डिसइंटिग्रंट घालून गोळी फोडली तर अल्कली पाण्यात आधी पळून जाण्याचा धोका असतो. घालायचाच असेल तर क्रॉसपॉव्हिडोन घाला. क्रॉसकार्मेलोजच्या साखळ्यांमधले एस्टरचे टाके अल्कलीत उसवतात आणि साठवणीत गोळी उलट मंद होते.

शॉर्टकटही बाजारात दिसतो: टेल्मिसार्टन द्रावणात न नेता मेग्लुमिन आणि कॉस्टिक पाण्याबरोबर मिसळून थेट वेट ग्रॅन्युलेशन, म्हणजे ओलं करून दाणे पाडणं. फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची) चाचणी ७.५ पीएचच्या ९०० मि.ली. फॉस्फेट बफरमध्ये, ७५ आरपीएमवर, ३० मिनिटांत ७५ टक्के मागते, आणि तिथे अशी गोळी निभावूनही जाते. ४.५ आणि ६.८ च्या बफरमध्ये मूळ गोळीच्या शेजारी लावून पाहा. स्फटिक तसेच राहिलेले असतील तर तिथे अंतर उघडं पडतं.

या गोळीची कमजोरी ओलावा. म्हणून ती अॅल्युमिनियम-अॅल्युमिनियम पट्टीत येते, आणि घ्यायच्या क्षणापर्यंत पट्टीतून काढू नये असं लेबल सांगतं. आठवड्याच्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवणाऱ्या आजोबांना ते कोणीतरी सांगायला हवं. अल्कलीमुळे सोबतीचं औषधही वेगळं ठेवावं लागतं. हायड्रोक्लोरोथायझाइड अल्कलीत तुटतं, अॅम्लोडिपिनलाही ती मानवत नाही. दोन रंगांची दोन थरांची गोळी दिसते ती शोभेसाठी नसते.

पीएचचा उपयोग नाही तेव्हा: फेनोफायब्रेट

रक्तातली चरबी कमी करणाऱ्या या औषधाच्या रेणूवर आयन होणारा गटच नाही, त्यामुळे अल्कली-आम्ल दोन्ही निरुपयोगी. वितळणबिंदू मात्र जेमतेम ८० अंश. म्हणजे स्फटिक सैल, पण रेणू पाण्याला घाबरणारा. इथे पृष्ठभागाची किल्ली चालते, आणि किती चालते हे डोसच्या इतिहासात दिसतं: साधी पावडर ३०० मि.ग्रॅ., मायक्रोनाइज्ड कॅप्सूल २०० मि.ग्रॅ., सुधारलेली गोळी १६० मि.ग्रॅ. आणि नॅनोकणांची गोळी १४५ मि.ग्रॅ. परिणाम तोच.

गणित सोपं आहे. घनता १.२ धरली तर ५० मायक्रॉनच्या कणांचा पृष्ठभाग ग्रॅममागे ०.१ चौरस मीटर, ५ मायक्रॉनचा १ चौरस मीटर. दहापट, पण कागदावर. जेट मिलमधून आलेली पावडर विजेच्या भाराने एकमेकांना चिकटते आणि पाण्यात पुन्हा ५० मायक्रॉनचे गोळे बनून बसते. म्हणून औषध एकटं दळू नका, सोडियम लॉरिल सल्फेटबरोबर दळा, म्हणजे नवा पृष्ठभाग उघडताक्षणी त्यावर साबण बसतो. मिलमध्ये हवा थंड ठेवा. इतक्या कमी तापमानाला वितळणारी पावडर भिंतीवर मेणासारखी थापली जाते. गोळी दाबताना वेगवान यंत्रावर पंचला चिकटणं हेही त्याच स्वभावाचं.

मिल हाताशी नसेल तर सोडियम लॉरिल सल्फेट गोळीच्या वजनाच्या १ ते २ टक्के घेऊन ग्रॅन्युलेशनच्या पाण्यात विरघळवा. कोरडं मिसळून तेवढा फायदा मिळत नाही, ते औषधाच्या कणापर्यंत पोचतच नाही. पाणी हळू ढवळा, नाहीतर बादलीभर फेस होतो आणि पंप हवा ओढतो. डिसइंटिग्रंट अर्धं दाण्याच्या आत आणि अर्धं बाहेर: बाहेरचं गोळीचे दाणे करतं, आतलं दाण्याचे कण. क्रॉसकार्मेलोज किंवा क्रॉसपॉव्हिडोन एकूण ३ ते ५ टक्के. फक्त बाहेर घातलं तर गोळी मिनिटात फुटते आणि तळाशी वाळूसारखे दाणे पडून राहतात. लेखाच्या सुरुवातीचं चित्र बहुतेक वेळा याचंच असतं.

सॉलिड डिस्पर्शन, जपून

१९६१ मध्ये सेकिगुची आणि ओबी यांनी सल्फाथायाझोल युरियात वितळवून दाखवलं, तेव्हापासून हा विषय एम.फार्म.च्या प्रबंधांचा लाडका आहे. प्रबंधातली आणि कारखान्यातली अडचण वेगळी. १:४ प्रमाण कागदावर छान दिसतं, पण डोस १०० मि.ग्रॅ. असेल तर औषध आणि पॉलिमर मिळूनच ५०० मि.ग्रॅ. झाले, बाकीचं घालून गोळी घोड्याची होते. म्हणून १:१ पासून सुरू करा आणि डिझोल्यूशन वाढणं जिथे थांबतं तिथे थांबा.

सोबत साध्या मिश्रणाचा नमुना हवाच: तेच औषध, तोच पॉलिमर, फक्त खलात एकत्र केलेले. कित्येकदा साधं मिश्रणच तीन-चतुर्थांश फायदा देऊन जातं, म्हणजे दुखणं भिजण्याचं होतं आणि सॉल्व्हंट उगाच जाळला.

डीएससीत (नमुना तापवत नेऊन वितळणं टिपणाऱ्या चाचणीत) वितळण्याचं शिखर दिसलं नाही म्हणून औषध अस्फटिक झालं असं लिहू नका. पीईजी ६००० साधारण ६० अंशांना वितळतं आणि पुढे तापमान चढताना औषध त्यात विरघळून जातं, त्यामुळे स्फटिक असूनही शिखर गायब होतं. एक्स-रे डिफ्रॅक्शन घ्या. पॉव्हिडोनवर आधारलेलं डिस्पर्शन गोळीत दाबलं की पाणी लागताच त्याची चिकट जेल होते आणि पावडर म्हणून उत्तम चालणारं औषध गोळीत अडकतं. क्रॉसपॉव्हिडोन १० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं, आणि डिस्पर्शनचा वाटा गोळीत निम्म्यापेक्षा कमी ठेवलेला बरा.

साठवणीसाठी काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर अस्फटिक पदार्थ मऊ पडतो ते) साठवणीच्या तापमानापेक्षा सुमारे ५० अंश वर हवं, आणि ते ओलाव्यासकट मोजायचं, कारण दोन-तीन टक्के पाणीही ते बरंच खाली ओढतं. स्फटिक परत येणं ही कल्पनेतली भीती नाही. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये आधी न दिसलेला, कमी विद्राव्य स्फटिक उगवला आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. तेच औषध २०१० मध्ये कोपॉव्हिडोनमध्ये वितळवून काढलेल्या गोळीच्या रूपातही आलं.

चाचणीच फसवते तेव्हा

माध्यमात सोडियम लॉरिल सल्फेट जितकं जास्त तितके सगळे फॉर्म्युले सारखे दिसतात. संपृक्त द्रावणाला लागतं त्याच्या तिप्पट माध्यम झालं की पुरे. त्यापुढे साबण वाढवणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी. माध्यमातली हवा काढलेली नसेल तर बुडबुडे गोळीला तराफ्यासारखं उचलतात आणि एकाच भांड्याचा आकडा वेगळा येतो. तुलनेसाठी १२ गोळ्या घ्या आणि एफ-२ (दोन गोळ्यांचे आलेख किती जुळतात त्याचा आकडा) काढताना ८५ टक्क्यांपुढचा एकच बिंदू धरा, नाहीतर सपाट शेपूट आकडा फुगवते.

आणि बफर पोटॅशियम फॉस्फेटचं असेल तर त्यात सोडियम लॉरिल सल्फेट घालू नका. पोटॅशियमचं सॉल्ट पांढऱ्या फ्लेक्ससारखं खाली बसतं, साबण संपतो, फिल्टर तुंबतो, आणि दोष गोळीच्या माथी येतो. सोडियम फॉस्फेट वापरा.